पंपवाल्याचं वाक्य

सुताराला लोक ‘उरक्या’ म्हणत, आणि तेही तोंडावर. चिडून उत्तर द्यायला तो थांबतच नसे. तोवर पुढच्या कामाला लागलेला असे. जेवायचं तर उभ्याने, बोलायचं तर चालता चालता, आणि झोपेतही एक पाय पलंगाबाहेर. त्याची आई सांगायची, “हा आठव्या महिन्यातच आला. नववा लागेपर्यंत याला दम कुठला.” बायकोचं म्हणणं असं की लग्नात पाळकांचा प्रश्न अर्धाच विचारून झाला होता, तेव्हाच याने “हो” म्हणून टाकलं. पाळकांनी चष्मा वर सरकवून प्रश्न पहिल्यापासून घेतला, तर पुन्हा मधेच “हो.” बायको म्हणे, “दोनदा कबूल झालेत. आता जातात कुठे.”

गंमत अशी की लाकडापुढे हाच माणूस साधू. एक सांधा तीनदा लावून बघेल, तीनदा सोडवेल, बोटाने चाचपेल, उजेडात धरेल. घाई होती ती सगळी माणसांच्या बाबतीत. समोरचा बोलायला लागला की याला त्याचं वाक्य शेवटापर्यंत दिसायचं, आणि ते त्याच्या तोंडातून ओढून घेऊन पूर्ण केल्याशिवाय याला चैन पडत नसे. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची संगती, म्हणजे प्रार्थनासभा, दर बुधवारी संध्याकाळी भरायची. इमारत जुनी, दुमजली. खाली कुणाचं तरी कुलूपबंद गोदाम, वर लांबट सभागृह, आणि सभागृहाच्या मागच्या अंगाला चहाचं स्वयंपाकघर. वर जायला एकच जिना, जिन्याच्या वरच्या तोंडाशी एकच दार. पंचवीस-तीस माणसं जमत. आधी गीतं, मग पाळकांचं बोलणं, मग साक्ष. म्हणजे ज्याच्या मनात जे असेल ते त्याने उभं राहून सगळ्यांना सांगायचं.

एकदा असाच साक्षीच्या वेळी पंपवाला उभा राहिला. जिथे इमारतीचा पाया खणतात तिथे खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसत राहायचं, हे त्याचं काम. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने आडवा, नखांत कायमचं ग्रीस, आणि बोलण्यात तोतरा. शब्द एखाद्या अक्षरावर अडला की अडला. मान ताणली जायची, डोळे मिटायचे, ओठ हलायचे आणि आवाज निघायचा नाही. त्याची बायको जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

“शेवटच्या दिवशी तिनं माझा हात धरला,” तो म्हणाला, “आणि म्हणाली, म... म... मला...”

सगळे थांबले. पंखा फिरत होता.

“म... मला...”

“शांती मिळाली,” सुतार म्हणाला.

सगळ्यांनी “आमेन” म्हटलं. दोघा-तिघांनी डोळे पुसले. पंपवाल्याने डोळे उघडले, सुताराकडे पाहिलं, खाली बसला, आणि पुढचं गीत चालू असताना उठून निघून गेला. मास्तरांना मात्र ते वाक्य फार आवडलं. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, मंडळीतले सगळ्यांत मानाचे. त्यांनी ते वाक्य वळणदार अक्षरात लिहून जिन्यातल्या फलकावर लावलं. तीन महिने ते तिथे होतं. पंपवाला पुन्हा आला नाही.

चौथ्या महिन्यात सुताराची आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “खरं काय म्हणाली होती ती?”

“कोण?”

“त्या पंपवाल्याची बायको.”

“शांती मिळाली म्हणाली की.”

“ते तू म्हणालास,” आई म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

सुतार त्याच शनिवारी पंपवाल्याच्या खोलीवर गेला. क्षमा मागितली, अर्थात दारातच, उभ्याने, एका दमात. पंपवाल्याने ऐकून घेतलं आणि दार लावलं. पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी सुताराच्या लक्षात आलं की दार लावताना ते खालून घासतंय. त्याने एक शब्द न बोलता बिजागरीचे स्क्रू काढले, दार उतरवलं, खालून तासलं, बसवलं. मधे कधीतरी पंपवाल्याने तांब्याभर पाणी आणून ठेवलं. त्यानंतरचे शनिवार आत बसून गेले. पंपवाला बोलायचा, अडायचा, पुन्हा बोलायचा. सुतार जीभ दातांखाली धरून बसायचा, आणि हे नुसतं म्हणायला नाही; घरी आल्यावर जिभेवर खुणा असायच्या.

“आज पुन्हा जीभ खाऊन आलात वाटतं,” बायको म्हणायची. “त्यापेक्षा घरी जेवून जात जा.”

आठेक महिन्यांनी एका शनिवारी पंपवाल्याने आपणहून ते वाक्य पूर्ण केलं. त्याला वेळ लागला. सुताराने खिडकीकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही.

“मला भूक लागलीय, असं म्हणाली,” पंपवाला म्हणाला. “अकरा दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मला इतका आनंद झाला. धावत गेलो दूध तापवायला. आच मोठी केली, ते उ... उतू गेलं. दुसरं घेतलं. परत आलो तर संपलं होतं सगळं.” मग बराच वेळ तो नुसताच ओठ हलवत राहिला. “भ... भुकेली गेली ती. आणि तुम्ही आमेन म्हणालात.”

 सुतार उठताना एवढंच म्हणाला, “दादा, तुझ्या तोंडातला शब्द मी पुन्हा घेणार नाही. काहीही झालं तरी.”

काहीही झालं तरी, असं माणूस म्हणून जातो. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला तेव्हा थोडंच माहीत असतं.

पंपवाला संगतीला परत आला. तो यायच्या आधीच पाळकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्याच्या बोलण्यात कुणी शब्द घालायचा नाही, आणि त्याच्या तोंडाकडेही बघायचं नाही. माणसाला बघणाऱ्यांचं ओझं होतं. मग बघायचं कुठे? पहिल्या रांगेत कायम खुर्ची अडवून बसणाऱ्या मावशी, गुडघ्यांनी अधू पण जिभेने नाही, म्हणाल्या, “आपापल्या तळहाताकडे बघू. तेवढंच अंतर्मुख झाल्यासारखं दिसेल.” झालं, तशी पद्धतच पडली. पंपवाला उभा राहिला की तीस माणसं हात मांडीवर उघडे ठेवून तळवे न्याहाळत बसायची. एखादा नवखा आला तर त्याला वाटायचं, इथे हात बघून भविष्य सांगतात की काय.

पण पद्धत लागू पडली. पंपवाला दर बुधवारी काही ना काही बोलू लागला. कधी दोन वाक्यं, कधी चार. कधी त्यांना पाच मिनिटं लागत, कधी पंधरा. कुणी खोकत नसे. हळूहळू मंडळीला आपल्या या थांबण्याचा अभिमान वाटायला लागला. फार नाही, ख्रिस्ती माणसाला शोभेल एवढाच.

त्याच सुमारास मागच्या मोकळ्या जागेत खोदकाम सुरू झालं. मोठी इमारत व्हायची होती, जमिनीखाली गाड्यांसाठी दोन मजले. खड्डा मंडळीच्या मागच्या भिंतीला अगदी खेटून खोल खोल जाऊ लागला. खाली पाणी लागलं आणि ते उपसायला आपल्या पंपवाल्यालाच तिथे काम मिळालं. सगळ्यांनी त्याबद्दल आभाराची प्रार्थना केली. पंपाची घरघर दिवसभर चाले. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बशा तिच्याबरोबर हळूहळू पुढे सरकत. सुताराची बायको चहा ठेवायला गेली की आधी बशा मागे ढकलायची.

मग सभागृहाचं दार घासायला लागलं. हवा कोरडी ठणठणीत. सुताराने वरच्या कोपऱ्यावर रंधा मारला आणि म्हणाला, “लाकूड फुगलंय.” पंधरा दिवसांनी दार दुसऱ्या कोपऱ्यात घासलं. पुन्हा रंधा. तिसऱ्या वेळी मात्र त्याने पिशवीतून गुण्या काढला. काटकोन तपासायची ही लोखंडी पट्टी माणसाचा मुलाहिजा ठेवत नाही. चौकटीचा कोन बिघडला होता. लाकूड जसंच्या तसं होतं. हलली होती ती भिंत.

त्याने गुण्या पिशवीत टाकला. तो तसाच मास्तरांकडे गेला.

“आपण त्या बांधकामवाल्यांना पत्र पाठवलंय,” मास्तर म्हणाले.

“कधी?”

“दोन महिने झाले. अतिशय सौम्य भाषेत. त्यांचं उत्तरही आलं. तेही सौम्य.”

“मास्तर, सौम्य भाषेनं भिंत सरळ होत नाही.”

“आलास मूळ पदावर. अरे, शेजाऱ्याच्याही काही अडचणी असतात, थोडं समजून घ्यावं. तुझ्या घाईनं एका माणसाचं काय झालं होतं, ते इतक्यात विसरलास?”

टोला वर्मी बसला. सुतार गप्प झाला. गप्प राहणं आणि धीर धरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण लांबून सारख्याच दिसतात, आणि त्या दिवसांत सुतार स्वतःकडे जरा लांबूनच बघत होता. त्याने चौथ्यांदा रंधा मारला. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर बोट शिरेल एवढी भेग पडली, तेव्हा त्याच्या बायकोने तिथे एक खिळा ठोकून टॉवेल टांगला.

त्या शनिवारी त्याने पंपवाल्याला विचारलं, “दादा, खाली सगळं ठीक आहे ना?”

पंपवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. “पा... पाणी निवळ येतंय तोवर ठीक. पाण्याबरोबर वाळू यायला लागली की समजायचं, शेजारच्याच्या पायाखालची जमीन आपण उपसतोय.”

“शेजारचे म्हणजे आपण.”

पंपवाल्याने मान हलवली.

“आणि वाळू यायला लागली तर?”

“त... तर मी येईन सांगायला,” पंपवाला म्हणाला.

तो बुधवार इतर बुधवारांसारखाच उगवला. संध्याकाळी सहा वाजता सभागृह भरलं. उन्हं अजून खिडकीत होती. सुताराची आई मावशींशेजारी बसली होती, बायको आत चहाचं बघत होती. दार त्या दिवशी सुताराला खांद्याने रेटून उघडावं लागलं. आत आल्यावर ते परत बसवतानाही खांदाच लागला. पाळक सहनशीलतेवर बोलत होते. मधेच खालची घरघर थांबली. दिवसभर कानाशी असलेला आवाज बंद झाला की जसं चुकल्यासारखं होतं, तसं दोघातिघांना झालं आणि त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पाळक जरा आवाज खाली आणून बोलू लागले, कारण आता मोठ्याने बोलायची गरज नव्हती.

जिन्यात पावलं वाजली. दारावर बाहेरून कुणीतरी अंग टाकलं, एकदा, दोनदा. तिसऱ्या धक्क्याला दार करकरत उघडलं, पंपवाला आत आला, आणि दार त्याच्या मागे आपलं आपण येऊन चौकटीत घट्ट बसलं. गुडघ्यापर्यंत चिखल. साक्षीची वेळ झाली नव्हती, तरी तो दाराशीच उभा राहून बोलायला लागला.

“वा... वा...”

पाळकांनी वाक्य अर्ध्यात सोडलं. पुस्तक मिटलं. तीस माणसांनी हात मांडीवर उघडले आणि माना खाली घातल्या.

“वा... व...”

सुतारानेही मान खाली घातली. डोक्यात नेहमीचं सुरू झालं होतं. वाईट बातमी आहे. वाट लागली. वाद झाला मुकादमाशी. एकेक शब्द जिभेच्या टोकावर येत होता आणि तो जीभ चावून त्याला परत पाठवत होता. शनिवारी बोललेलं सगळं कसं कुणास ठाऊक, त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याला एकच आठवत होतं, की आपण शब्द दिलाय. मिनिट गेलं. दुसरं गेलं. पंपवाल्याचा श्वास फाटल्यासारखा येत होता. मास्तर डोळे मिटून अगदी प्रसन्न चेहऱ्याने थांबले होते.

सुताराच्या डाव्या तळव्यावर चिमूटभर पांढरी पूड पडली.

तो तिच्याकडे बघत राहिला. आणखी थोडी पडली. चुना. त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे एक काळी रेघ होती, आणि ती मघाशी नव्हती. मग त्याने पद्धत मोडली आणि पंपवाल्याकडे पाहिलं.

त्या सभागृहात कितीतरी महिन्यांत या माणसाचा बोलतानाचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. शब्दाला अडलेल्या माणसाचा चेहरा सुताराला शनिवारांमुळे पाठ होता. हा तो नव्हता. रस्त्यावर धावत सुटलेल्या पोराकडे बघणाऱ्या माणसाचा असतो, तसा हा होता. त्याने उजवा हात पुढे केला होता, अगदी लांबपर्यंत, सगळ्यांना दिसेल असा. मूठ उघडी होती. मुठीत ओली वाळू होती, आणि ती बोटांच्या फटींतून फरशीवर सांडत होती. किती वेळ तो ती वाळू दाखवत उभा होता, देव जाणे. आणि समोर तीस माणसं आपापले रिकामे तळवे बघत बसली होती.

सुतार उठला. खुर्ची मागे पडली.

“बस खाली,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “त्याला बोलू दे.”

सुतार थेट पंपवाल्यापाशी गेला. तो शब्द आता त्याच्या तोंडात तयार होता, पण त्याने तो उच्चारला नाही. त्याने आपला हात पंपवाल्याच्या मुठीखाली धरला आणि उरलेली वाळू त्यात घेतली.

“बाहेर काढायचं ना सगळ्यांना?”

पंपवाल्याने मान हलवली, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“सगळ्यांनी वर बघा,” सुतार म्हणाला. “मास्तर, डोळे उघडा. याच्या हातात काय आहे ते बघा.”

दार उघडेना. चौकटीने त्याला असं धरलं होतं की आत ओढून उपयोग नव्हता. भिंत आता दारावरच रेलली होती. मागून लोक उठले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी “अरे, रेटा ना” म्हणालं आणि सगळी गर्दी दाराकडे आली. सुताराने हात आडवा केला. “रेटू नका. रेटलंत तर आणखी बसेल.” मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने बायकोला हाक मारली, “गॅस बंद कर. बत्ता आण, आणि तो जाड स्क्रू ड्रायव्हर, फळीवरचा.”

ती घेऊन आली. तिच्या केसांवर चुना पडला होता, पण तिने काही विचारलं नाही. सुताराने खालच्या बिजागरीची खीळ खालून ठोकून वर काढली. मग वरची. मधली गंजलेली होती. तिला तो एकेक ठोका देत राहिला. ज्या माणसाने लग्नाच्या प्रश्नालाही धीर धरला नव्हता, तो मागे तीस माणसांचा श्वास मानेवर घेत, छत दात चावल्यासारखा आवाज करत असताना, खिळीला दर ठोक्याला केसभर हलवत होता. पंपवाला दाराचा भार दोन्ही हातांनी तोलून होता. खीळ सुटली. दोघांनी दार चौकटीतून आत ओढून बाजूला टाकलं.

“आधी मावशी,” पाळक म्हणाले.

“मला मागे ठेवा, मी हळू,” मावशी म्हणाल्या. “माझ्यामागे सगळे अडकाल.”

“तुम्ही मागे राहिलात तर कुणी जाणारच नाही,” सुताराची आई म्हणाली. “मग सगळेच अडकू. चला.”

पाळकांनी आणि आणखी एकाने मावशींची खुर्ची उचलली. जिना अरुंद. सगळी माणसं त्या खुर्चीमागे, तिच्याच चालीने, एकेक पायरी उतरली. कुणी ओलांडून पुढे गेलं नाही. वरून खडे पडत होते, तेवढेच काय ते घाई करत होते.

रस्त्यावर आल्यावर माणसं मोजली. सगळी होती. आता मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटला. कुणाची पिशवी वर राहिली होती, कुणाचा चष्मा. मास्तरांनी पंपवाल्याच्या पाठीवर हात ठेवला. “फार मोठं काम केलंस. देवाची कृपा. चला, सगळे पलीकडच्या फुटपाथवर चला, तिथे आभार मानू.”

पंपवाल्याचे ओठ अजून हलत होते. “ख... ख...”

“हो, हो, कळलं सगळं,” मास्तर म्हणाले. “आता शांत हो.”

“थांबा,” सुतार म्हणाला. “त्याचं संपलेलं नाही.”

“अरे, वाळू आली, भिंत गेली. आणखी काय राहिलंय?”

“ते मला माहीत नाही,” सुतार म्हणाला, “म्हणून तर थांबा म्हणतोय.”

तो पंपवाल्याच्या समोर, हातभर अंतरावर उभा राहिला आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. वर इमारतीत काहीतरी तुटल्याचा कोरडा आवाज झाला. सुताराच्या पायांना पळायचं होतं, आणि ते तसं त्याला सांगत होते. त्याने ऐकलं नाही.

“ख... खाली,” पंपवाला म्हणाला. “खाली अजून पाच जण आहेत. भ... भिंतीच्या अगदी बुडाशी. मुकादमाला स... सकाळपासून सांगतोय. मी तोंड उघडलं की म्हणतो, सुट्टी हवी असेल, ना... नाही मिळणार. आणि निघून जातो.”

पाळकांनी फोन काढला. सुतार आणि पंपवाला इमारतीला वळसा घालून खड्ड्याकडे धावले. काठावरून खाली पाहिलं तर संध्याकाळचा उजेड तिथे पोचत नव्हता. बल्ब लावून पाच माणसं सळ्या बांधत होती आणि रेडिओ चालू होता. त्यांच्या मागे भिंतीला लावलेले लोखंडी टेकू जरासे वाकलेले होते; जरासेच, म्हणजे बघणाऱ्याला आधी आपल्याच डोळ्यांचा संशय यावा इतके.

“दादा,” सुतार म्हणाला, “तुझ्या वतीनं मी ओरडू?”

पंपवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. “ओ... ओरड.”

सुतार ओरडला. आयुष्यभराची साठलेली घाई त्या एका हाकेत बाहेर पडली. खालचे वर बघू लागले. शिडीवर पहिला चढला, मग दुसरा. तिसऱ्याने रेडिओ बरोबर घेतला. चौथा अर्ध्यावर असताना खालचा बल्ब गेला. पाचवा मुकादम होता. तो चढताना सगळ्यांच्या घराण्याचा उद्धार करत होता, आणि वर पाय टेकवून पंपवाल्याला बघताच म्हणाला, “तू पंप सोडून इथे काय करतोयस? सुट्टी...”

मागे जमीन आत ओढल्यासारखी झाली. मंडळीचं स्वयंपाकघर आधी गेलं, मागची भिंत, फळी, बशा सगळं घेऊन. मग सभागृहाचा अर्धा भाग त्याच्यामागे खाली गेला. आवाज वाटला होता तेवढा मोठा नव्हता. धूळ मात्र बराच वेळ वर येत राहिली. मुकादम तोंड उघडं ठेवून उभा राहिला, आणि पंपवाल्याबरोबर काम करायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्याने स्वतःचं वाक्य अर्धं सोडलं.

धूळ खाली बसली तेव्हा बाकीची मंडळीही वळसा घालून येऊन उभी राहिली होती. मास्तर तिथेच मातीवर टेकले. “सुटलो,” ते म्हणाले. “संपलं एकदाचं.”

पंपवाल्याने मान हलवली, नाही अशी. त्याने हात लांब करून खड्ड्यापलीकडे दाखवलं. सगळ्यांनी त्या हाताकडे पाहिलं. पलीकडच्या काठाला खेटून घरांची एक ओळ होती. खिडक्यांत दिवे लागत होते. कुठे टीव्ही चालू होता, एका गच्चीवर कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. डावीकडेही घरं होती; उजवीकडे नुसता रस्ता. खड्ड्याला चार बाजू होत्या, आणि इतके महिने मंडळीने एकीचीच चिंता केली होती, तीही सौम्य भाषेत.

“पाळक, तुम्ही कुणाला तरी घेऊन डावीकडे जा,” सुतार म्हणाला. “आम्ही पलीकडे.”

पहिल्या घराचं दार बनियनमधल्या एका माणसाने उघडलं. हातात अर्धा खाल्लेला पाव.

“काय आहे?”

“घरातले सगळे बाहेर या,” सुतार म्हणाला. “मागचा खड्डा खचतोय. आमची इमारत गेली आत्ता.”

“तो आवाज होय? मला वाटलं, ट्रक उलटला.” त्याने सुताराला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आणि आमचीही जाणार म्हणून कोण सांगतंय? तू कोण, इंजिनिअर?”

“मी सुतार. हा खाली पंपावर असतो. याला माहीत आहे. याला विचारा.”

माणसाने पंपवाल्याकडे पाहिलं. चिखल, ग्रीस, चुना. पंपवाल्याने श्वास घेतला, मान ताणली, डोळे मिटले.

“तु... तु... तुमच्या...”

“काय लावलंय हे?” माणूस म्हणाला. “दारू प्यायलात का दोघं? उद्या या.” त्याने दार लोटलं.

सुताराने फटीत पाय घातला. दार त्याच्या पावलावर आदळलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. आत कुठेतरी एक लहान मूल किरकिरत होतं, आणि त्याच्याही मागे, घराच्या पार मागच्या खोलीत, फरशी तडकल्यासारखा बारीक आवाज झाला. माणसाने दार आणखी जोराने दाबलं.

“पाय काढ,” तो म्हणाला.

“काढतो,” सुतार म्हणाला. “आधी त्याचं बोलणं पूर्ण होऊ दे.”